पेपरवेटवरची खूण लागत नाही, किंवा लागली तरी पटत नाही: काय काय तपासायचं

काचेच्या जुन्या पेपरवेटचा कारखाना ओळखून द्या म्हणून लोक फोटो पाठवतात, तेव्हा तक्रारी फिरून फिरून त्याच असतात. तुमची यातली कोणती आहे ते आधी पाहा.

• तळाशी काहीच दिसत नाही.
• तळावर पांढुरका, पुसट गोल डाग आहे. अक्षरं असावीत असं वाटतं, पण लागत नाहीत.
• आत, काचेच्या फुलांच्या दाटीत, एखादं रोमन अक्षर किंवा आकडा आहे, पण तो उलटा दिसतो.
• आत १८४८ असं स्पष्ट आहे आणि विकणाऱ्याने 'अस्सल जुनं फ्रेंच' म्हणून भाव सांगितला आहे.
• तळावर १२५/५०० असं काहीतरी कोरलेलं आहे आणि ते साल आहे की नंबर, कळत नाही.
• खूण अगदी स्वच्छ आहे, पण पेपरवेट हातात हलकं लागतं, काच पिवळसर वाटते, रंग बटबटीत आहेत.

पहिल्या तीन तक्रारी वाचण्याच्या आहेत आणि त्या घरच्या घरी सुटतात. उरलेल्या तिन्ही अर्थाच्या आहेत, आणि पैसे बुडतात ते तिथेच. खूण म्हणजे कुणीतरी केलेला दावा आहे. तो खरा आहे की नाही हे काच, तळ आणि आतलं काम बघून ठरतं. म्हणून खूण सापडली की तपास संपवू नका.

आधी स्वच्छ करा, पण लेबल वाचवून

धुण्याआधी पेपरवेट सगळ्या बाजूंनी पाहून घ्या. तळाला कागदी किंवा चंदेरी कागदाचं लेबल असेल, तर त्याचा फोटो काढा आणि तिथे पाणी लागू देऊ नका. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरून निघालेल्या कित्येक पेपरवेटांवर एवढीच एक खूण असते. लेबल गेलं की मागे डिंकाचा डाग तेवढा उरतो. तो डागही खरवडू नका, त्याचा आकार कधीकधी कामाला येतो.

टेबलावर ओरखडे पडू नयेत म्हणून पूर्वीच्या मालकाने तळाला हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, चिकटवलेली असते. 'तळाशी काहीच नाही' या तक्रारीमागे बऱ्याचदा ही बनातच असते. कोपरा सुटत असेल तर हलक्या हाताने काढा. घट्ट असेल तर तिथल्यापुरतं ओलं कापड ठेवून डिंक मऊ होऊ द्या. सुरी किंवा ब्लेड लावू नका.

धुताना बादलीत किंवा तसराळ्यात टॉवेल अंथरा, कोमट पाणी आणि सौम्य साबण घ्या. गरम पाणी कटाक्षाने टाळा. इतक्या जाड काचेचा बाहेरचा भाग लगेच तापतो आणि गाभा थंडच राहतो, त्या ताणाने आतून तडा जातो. भांडी धुण्याच्या यंत्रात तर घालूच नका. वाळवायला खिडकीतल्या उन्हातही ठेवू नका. घुमटाकार काच भिंगाचं काम करते, आणि अशा पेपरवेटने खालचे कागद-कापड पेटल्याच्या घटना खरोखर घडलेल्या आहेत.

आडवा उजेड आणि तोंडाची वाफ

याला काहीच खर्च नाही आणि उपयोग मात्र सर्वांत जास्त. खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च तळाच्या पातळीवर आडवा धरा आणि पेपरवेट हळूहळू फिरवा. आम्लाने उमटवलेली खूण इतकी उथळ असते की समोरून पाडलेल्या उजेडात ती पुसली जाते. आडव्या उजेडात तिची कड सावली टाकते. तरीही लागली नाही, तर तळावर तोंडाने वाफ सोडा. गुळगुळीत काचेवर आणि आम्लाने खरखरीत झालेल्या काचेवर दव वेगळं बसतं, आणि दोन-तीन सेकंद अक्षरं वर येतात. तेवढ्यात फोटो घ्या.

हिऱ्याच्या टोकाने किंवा फिरत्या हत्याराने कोरलेली सही बहुधा तळाच्या कडेला, ग्लासाच्या बुडासारख्या घासलेल्या कड्यालगत असते. ती मधोमध शोधत बसू नका.

आतली खूण: पाण्यात बुडवून पाहा

ही खूण कशी तयार होते ते माहीत असलं की ती शोधणं सोपं जातं. रंगीत काचेच्या कांड्या एकत्र बांधून, तापवून, ओढून लांब बारीक करतात. त्या आडव्या कापल्या की प्रत्येक चकतीवर तेच फूल किंवा तेच अक्षर दिसतं. अशा शेकडो चकत्या मांडून वर पारदर्शक काचेचा घुमट चढवला की मिलेफिओरी पेपरवेट झालं. सहीची कांडी त्याच दाटीतली एक चकती असते, पुष्कळदा पाच-सहा मिलिमीटरचीही नसते. मांडताना ती उलटी ठेवली गेली, तर अक्षर आरशातल्यासारखं दिसतं. त्यात काही खोट नाही. फोटो आडवा उलटवा आणि मग वाचा.

वरून पाहताना घुमट चित्र मोठं करतो, पण कडेला वाकवतोही. यावर उत्तम उपाय म्हणजे उभ्या पारदर्शक भांड्यात पेपरवेट पूर्ण बुडवणं. काच आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश जेवढा वाकतो त्यापेक्षा काच आणि पाणी यांच्या सीमेवर तो बराच कमी वाकतो, आणि पृष्ठभागावरचे बारीक ओरखडे जवळजवळ नाहीसे होतात. भांड्याच्या सपाट बाजूतून दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाने, म्हणजे सोनार वापरतात त्या लूपने, एकेक कांडी पाहत जा. मधल्या फुलापासून सुरुवात करून गोल गोल बाहेर आलं की एकही सुटत नाही. मग पेपरवेट उलटं करून तळाकडूनही पाहा. काही कारागीर सहीची कांडी मुद्दाम नक्षीच्या मागे, तळाच्या बाजूने बसवतात.

इथे होणारी चूक ठरलेली आहे. रोमन बी आणि इंग्रजी आठचा आकडा लहान कांडीत सारखेच दिसतात. काचेचा रंग वितळून पसरला की सी आणि जी यांतही फरक उरत नाही. जे वाचायची इच्छा आहे ते वाचू नका. दिसतं तसं कागदावर काढा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला, काही न सांगता, वाचायला द्या.

आता अर्थ. घाई होते ती इथेच

फ्रान्समधला वैभवाचा काळ साधारण १८४५ ते १८६०. त्याच्या तोंडावर व्हेनिसचा काचकार पिएत्रो बिगाल्या याने १८४५ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात अशी पेपरवेटं मांडली होती. त्यानंतर लगेच बाकारा, सँ-लुई आणि क्लिशी हे तीन फ्रेंच कारखाने पुढे आले. बाकाराच्या जुन्या नगांत 'बी' आणि १८४६ ते १८४९ यांपैकी एखादं साल असतं, त्यांत १८४७ आणि १८४८ जास्त भेटतात. आकडे वेगवेगळ्या बारीक कांड्यांचे असतात आणि त्या शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. सँ-लुईची खूण 'एसएल', सोबत १८४५ ते १८४९ मधलं साल, बहुतेकदा १८४८. क्लिशीने साल घालण्याचा सोस केला नाही. क्वचित एकटा 'सी' सापडतो, आणि पूर्ण नाव तर फारच दुर्मीळ. क्लिशीची ओळख म्हणून सगळे ज्याकडे बोट दाखवतात ते म्हणजे कांडीतला उमललेला गुलाब. पण असे गुलाब इतरांनीही केले, आजचे स्कॉटिश कारागीरही करतात. गुलाब दिसला म्हणजे क्लिशी, हे समीकरण डोक्यातून काढून टाका.

एक गोष्ट ठळकपणे सांगतो. तळावर आम्लाने उमटवलेला गोल शिक्का, त्यात सुरई, पेला आणि ग्लास आणि भोवती बाकारा-फ्रान्स अशी अक्षरं असतील, तर ते पेपरवेट एकोणिसाव्या शतकातलं नाही. हा शिक्का १९३६ पासूनचा आहे. लोक तो पाहून हरखतात आणि मग 'म्हणजे १८४८ चं!' म्हणतात. शिक्का अस्सल असू शकतो, वस्तू चांगलीही असू शकते, पण ती आधुनिक मालिकेतली आहे. बाकारा आणि सँ-लुई या दोघांनीही १९५० च्या दशकात पेपरवेटं पुन्हा सुरू केली. म्हणून 'एसएल १९५३' किंवा 'एसएल १९७३' वाचलं तर गोंधळू नका. ते साल खरंच विसाव्या शतकातलं आहे, कारखान्याने ते प्रामाणिकपणे घातलेलं आहे.

आता १८४८ चा सर्वांत मोठा घोळ. इंग्लंडमधल्या मिलेफिओरी पेपरवेटांत आणि शाईच्या दौतींत हे साल सापडतं, आणि वर्षानुवर्षं ते लंडनच्या व्हाइटफ्रायर्स काचकारखान्याच्या नावावर जुनं म्हणून विकलं गेलं. संशोधनानंतर हे काम बर्मिंगहॅमच्या काचकारखान्यांचं, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं मानलं जातं. व्हाइटफ्रायर्सची स्वतःची खरी सही म्हणजे झगा घातलेल्या पांढऱ्या संन्याशाची छोटी आकृती. ती राणी एलिझाबेथच्या १९५३ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास वापरात आली. कारखाना १९८० मध्ये बंद पडला, पुढे ते नाव आणि ती आकृती स्कॉटलंडच्या केथनेस ग्लास या कारखान्याकडे गेली. त्यामुळे संन्यासी दिसला तरी साल स्वतंत्रपणे ठरवावं लागतं.

स्कॉटिश खुणा मला सर्वांत प्रिय, कारण त्या मन लावून पाहणाऱ्याला भरभरून देतात. बार्सिलोनात १९०४ मध्ये जन्मलेल्या आणि स्कॉटलंडमध्ये आयुष्य काढलेल्या पॉल इसार्टची खूण म्हणजे 'पीवाय' अशी कांडी. क्रीफ गावात १९६८ मध्ये सुरू होऊन २००२ मध्ये बंद झालेल्या पर्थशायर कारखान्याची खूण 'पी'. जॉन डीकन्सची 'जेडी', विल्यम मॅन्सनची 'डब्ल्यूएम'. केथनेसवर बहुधा तळाला कोरीव नाव आणि १२५/५०० असा अपूर्णांक असतो. म्हणजे पाचशे नगांच्या मर्यादित आवृत्तीतला एकशे पंचविसावा. ते ना साल, ना कारखान्याचा नंबर. पण पीवाय सहीच्या बनावट पेपरवेटांचा सुळसुळाट होऊन गेला आहे, म्हणून ही दोन अक्षरं दिसली की उलट जास्त सावध व्हा.

अमेरिकेत चार्ल्स काझियनचा 'के' सोन्याच्या पत्र्याचा असतो, तळाकडून दिसतो. पॉल स्टँकर्डच्या सुरुवातीच्या कामांत 'पीएस' कांडी सापडते. कॅलिफोर्नियातले स्टुडिओ तळाला हाताने कोरून सही करतात, बहुधा सालासकट.

आणि खूण अजिबात नसेल तर? निराश व्हायचं कारण नाही. एकोणिसाव्या शतकातली बहुसंख्य फ्रेंच पेपरवेटं बिनसहीचीच आहेत. जुन्या व्हेनिसच्या, बोहेमियाच्या आणि चीनच्या मालावरही बहुधा काही नसतं. आपल्याकडे बाजारात मिळणारी बुडबुड्यांची आणि रंगीत फुलांची बरीच पेपरवेटं फिरोजाबादकडची असतात, त्यांवरही खूण शोधू नका.

तळ काय सांगतो

पेपरवेट ज्या लोखंडी दांड्यावर घडवतात, तो तोडल्याची जागा तळाशी उरते. चांगल्या कारखान्यात ती घासून, पॉलिश करून आत खोलगट केलेली असते. खरखरीत, घाईने तोडलेला तळ दिसला आणि आत मात्र बाकाराची खूण असेल, तर दोहोंपैकी एक खोटं बोलतंय.

मग झीज पाहा. शंभर-दीडशे वर्षं टेबलांवर सरकलेल्या वस्तूच्या टेकणाऱ्या कड्यावर ओरखडे असतात, पण ते सगळ्या दिशांचे, काही खोल काही बारीक, आणि फक्त टेकतं तिथेच. सँडपेपरने आणलेलं म्हातारपण भिंगाखाली एका दिशेच्या, एकाच खोलीच्या रेषांनी उघडं पडतं. उलट, अस्सल जुनं पेपरवेट कुणी पॉलिश करून घेतलं असेल तर झीज नसतेच. म्हणून झीज नाही एवढ्यावरून वस्तूला खोटं ठरवू नका.

वजन: स्वयंपाकघरातला काटा पुरतो

जुन्या फ्रेंच क्रिस्टलमध्ये शिसं असतं. १९३० च्या दशकात चीनमधून आलेल्या नकला साध्या सोडा-चुन्याच्या काचेच्या, म्हणून हलक्या, आणि त्यांना पिवळसर किंवा हिरवट झाक असते. हा फरक अंदाजावर सोडू नका, मोजा.

पेपरवेटचं वजन ग्रॅममध्ये करा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवा आणि काटा शून्यावर आणा. पेपरवेटला मजबूत दोरा घट्ट बांधून ते पाण्यात पूर्ण बुडवून लटकतं धरा, तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काट्यावर आता जो आकडा येईल तेवढे घन सेंटिमीटर त्याचं आकारमान. पहिला आकडा दुसऱ्याने भागा. उदाहरणार्थ ५१० ग्रॅमचं पेपरवेट आणि पाण्यातला आकडा १६८, तर उत्तर ३.०४ येतं, म्हणजे शिशाची काच. तेच २०४ आला असता तर उत्तर २.५, म्हणजे साधी काच. साध्या काचेत बाकाराचं १८४८ सापडलं तर मामला संशयाचा आहे. मात्र आत मोठे हवेचे बुडबुडे किंवा पोकळी असेल तर उत्तर खाली येतं, तेवढं लक्षात ठेवा.

अतिनील टॉर्च

नोटा तपासायचा छोटा टॉर्च थोड्या पैशांत मिळतो. शिशाची काच निळसर झाक देऊ शकते, मँगनीज घालून रंग काढलेली जुनी काच फिकट हिरवी. एकट्या रंगावरून कारखाना ठरत नाही. पण दुरुस्ती लपवायला भरलेला राळेसारखा पदार्थ भोवतीच्या काचेपेक्षा वेगळा चमकतो, आणि आम्हाला या टॉर्चचा खरा उपयोग तिथेच झाला आहे. टॉर्च डोळ्यांत धरू नका.

कांड्या जुळवणं: सर्वांत वेळखाऊ, सर्वांत खात्रीचं

सहीची नक्कल करणं सोपं असतं. कांड्यांचा अख्खा संच नकलायला तेवढा सोपा नाही. प्रत्येक कारखान्याच्या कांड्यांची ठेवण ठरलेली होती: बाणाचं टोक, मधमाशीचं पोळं, फिरकी, प्राण्यांच्या छायाकृती. तुमच्या पेपरवेटातल्या पाच-सहा कांड्या स्वतंत्रपणे, पाण्यात बुडवून, समोरून फोटो काढून ठेवा. मग संग्रहालयांच्या ऑनलाइन संग्रहातल्या ओळख पटलेल्या नगांशी जुळवा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधलं बर्गस्ट्रॉम-मॅहलर काच संग्रहालय, न्यूयॉर्क राज्यातलं कॉर्निंग काच संग्रहालय आणि शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधला रुब्लॉफ संग्रह ही त्यासाठी पहिली तीन ठिकाणं. सही बाकाराची आणि शेजारच्या कांड्यांपैकी एकही बाकाराच्या कामात सापडत नाही, असं झालं तर सहीवर विश्वास ठेवू नका. उलट सही नसूनही चार कांड्या नेमक्या जुळल्या, तर नाव लावायला भक्कम आधार मिळाला. लिलावाच्या जुन्या यादीतल्या किंवा विक्रीच्या संकेतस्थळावरच्या फोटोशी जुळवू नका, तिथलीच ओळख चुकलेली असण्याचा धोका असतो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पृष्ठभागावर ओरखडे आहेत म्हणून खूण दिसत नाही, तरी घरी पॉलिश करू नका. काच-पॉलिशवाल्याकडेही देऊ नका, कारण पॉलिश म्हणजे काच काढून टाकणं. घुमटाचा आकार बिघडला की आतली नक्षी कायमची वाकडी दिसते, आणि तळ घासला की आम्लाची खूण आणि झीज दोन्ही जातात. हे काम फक्त पेपरवेटांचाच अनुभव असलेल्या माणसाचं. आम्लाने साफ करण्याचा विचारही करू नका. काचेवर चालणारं हायड्रोफ्लोरिक आम्ल हाडापर्यंत इजा करतं.

आत चंद्रकोरीसारखी चमकणारी भेग दिसत असेल, तर पाण्यात बुडवण्याआधीच थांबा. कांड्या, काच आणि साल तिन्ही एकमेकांशी जुळत असतील तरीही थांबा, कारण आता चूक महागात पडेल. मोठ्या लिलावगृहांच्या काच विभागाला किंवा संग्राहकांच्या संघटनेला विचारा. किंमत सांगणारा आणि विकत घेऊ पाहणारा माणूस एकच असेल, तर त्याचं मत शेवटचं मानू नका.

भारतात असाल तर आणखी एक. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परदेशी लिलावाला पाठवायची झाली तर १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा लागू होऊ शकतो. कुरिअर बुक करण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या जवळच्या कार्यालयात चौकशी करा. वस्तू पुरावस्तू नसेल तर तसं प्रमाणपत्र तिथूनच मिळतं.

जाणकाराला लिहिताना हे पाठवा: वरून, बाजूने आणि तळाचा फोटो, आडव्या उजेडातला तळ, पाण्यातून काढलेले कांड्यांचे जवळचे फोटो, व्यास आणि उंची मिलिमीटरमध्ये, वजन आणि भागाकाराचं उत्तर, आणि ते कुठून आलं हे माहीत असेल तेवढंच. तुमचा अंदाज पहिल्या पत्रात लिहू नका, त्याला स्वतःच्या डोळ्यांनी आधी पाहू द्या.